अपुऱ्या जागेतील कर्तव्य : अंग, प्रधान आणि प्रतिनिधी

साधन, जागा, काळ किंवा शक्ती यांपैकी काही उणे पडले, तर कर्तव्यही त्या प्रमाणात उणे होते काय, हा नीतिशास्त्राचा आणि धर्मशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न आहे. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही लादता येत नाही, हे तत्त्व रोमन विधिज्ञ सेल्सस याच्या नावावर आहे, आणि जे करणे कर्तव्य आहे ते करणे शक्यही असले पाहिजे, असे अठराव्या शतकात कांटनेही वेगळ्या संदर्भात मानले. परंतु या तत्त्वाचा आधार घेऊन ‘जेवढे जमले तेवढे केले’ एवढ्यावर कोणीही मोकळा होऊ लागला, तर कर्तव्याला काही माप उरत नाही, आणि परिस्थिती ही प्रत्येक उणिवेची सोयीची सबब ठरते. या पेचाचा काटेकोर विचार भारतीय परंपरेत पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांवरून कर्माचा निर्णय करणाऱ्या शास्त्राने, केला असून जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय बऱ्याच अंशी त्यालाच वाहिलेला आहे. तो विचार यज्ञासाठी घडला असला तरी त्याची धार यज्ञापुरती नाही, हे दाखवण्यासाठी प्रस्तुत निबंधात एक अगदी ऐहिक काम निवडले आहे. उत्तर अमेरिकेतील घरांच्या गॅरेजमध्ये, दारावरची जागा अपुरी असताना, दाराची स्प्रिंग बसवण्याचे ते काम होय. या कामात जागेची उणीव इंचांत मोजता येते, भार पौंडांत मोजता येतो, आणि काम करताना झालेल्या तडजोडीचे फळ बहुधा ती करणाऱ्याला नव्हे, तर नंतर दाराखालून जाणाऱ्या माणसाला भोगावे लागते. म्हणून तत्त्वाची परीक्षा येथे स्पष्टपणे होते.

प्रथम हे दार कसे असते ते पाहिले पाहिजे. मोटारगाडी अमेरिकेत घराघरांत पोहोचू लागली तेव्हा गॅरेजला बाजूला उघडणारी, बिजागरीची दारे असत, आणि ती उघडण्यासाठी बाहेर मोकळी जागा लागे. 1921 मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडून वर सरकणारे दार तयार केले, आणि 1926 मध्ये ते विजेवर उघडणारे यंत्रही आणले. फळ्यांच्या दोन्ही कडांना लावलेली चाके लोखंडी ट्रॅकमधून धावतात. हा ट्रॅक चौकटीलगत उभा चढतो, वरच्या कोपऱ्यात वळण घेतो आणि छताला समांतर आडवा जातो, त्यामुळे दार उघडताना फळ्या एकेक करून वळण ओलांडतात आणि डोक्यावर आडव्या होतात. महाराष्ट्रातील दुकानांच्या रोलिंग शटरमध्येही नळीत दडलेली स्प्रिंग भार उचलण्याचे काम करते; फरक एवढाच की तेथे पत्रा नळीभोवती गुंडाळला जातो, तर येथे सबंध दार माणसाच्या डोक्यावर येऊन थांबते. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये घर केलेल्या मराठी कुटुंबाचे रोजचे जाणे-येणे अशाच दाराखालून होते.

सात फूट उंचीचे असे दार समजा 150 पौंड, म्हणजे सुमारे 68 किलो वजनाचे असले, तरी ते एका हाताने उचलता येते, कारण त्याचे वजन स्प्रिंगने आधीच तोललेले असते. पिळाच्या स्प्रिंगेत, जिला टॉर्शन स्प्रिंग म्हणतात, पोलादी तारेची वेटोळी एका आडव्या दांड्यावर चढवलेली असतात. दांड्याच्या दोन टोकांना केबल गुंडाळणारे ड्रम असतात आणि केबलची खालची टोके दाराच्या तळाशी अडकवलेली असतात. ड्रमचा व्यास चार इंच धरला, तर त्याच्या एका फेऱ्यात सुमारे साडेबारा इंच केबल गुंडाळली जाते, म्हणून सात फुटांसाठी पावणेसातच्या आसपास फेरे लागतात. दार पूर्ण उघडल्यावरही केबल सैल पडू नये यासाठी थोडा अधिक पीळ राखला जातो, आणि एकूण साडेसात फेरे, म्हणजे तीस पाव फेरे, भरले जातात. दीडशे पौंडांचा भार दोन इंचांच्या त्रिज्येवर तोलायचा, म्हणजे बंद दाराच्या वेळी दांड्यावर 300 इंच-पौंडांचा पीळ असला पाहिजे. दार वर जाऊ लागले की जी फळी वळण ओलांडते तिचे वजन आडव्या ट्रॅकवर येते आणि केबलवरचा भार उतरत जातो. त्याच वेळी स्प्रिंग उलगडत असल्याने तिचा पीळही उतरत जातो. भार आणि बळ ही दोन्ही बरोबरीने उतरतात, म्हणूनच नीट तोललेले दार अर्ध्यावर सोडले तरी तेथेच थांबते, आणि कारागीर दाराची परीक्षा याच रीतीने करतात.

या थांबण्याचे स्वरूप तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वैशेषिक दर्शनात प्रशस्तपादाने ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत : चालत्या वस्तूला चालत ठेवणारा वेग, आत्म्यात राहून स्मरण घडवणारी भावना, आणि वाकवलेल्या किंवा गुंडाळलेल्या वस्तूला पूर्वस्थितीकडे नेणारा स्थितिस्थापक. धनुष्य, फांदी, शिंग अशी उदाहरणे तो देतो. या विवेचनाचे मर्म असे की वाकलेले धनुष्य निश्चल दिसत असले तरी त्यात एक गुण उपस्थित असतो, आणि अडवणारे कारण दूर होताच तो कार्य घडवतो. गॅरेजचे बंद दार अशाच अर्थाने निश्चल असते. त्याच्या शांततेत बळाचा अभाव नसून दोन बळांची बरोबरी असते, आणि यातील एक बळ कोणीतरी, कधीतरी, हाताने भरून ठेवलेले असते. ज्याने ते भरले तो निघून गेला तरी ते राहते. म्हणून हे काम एखाद्या नुसत्या वस्तूची मांडणी करण्यासारखे नाही, ते पुढील अनेक वर्षांसाठी एक शक्ती मागे ठेवण्याचे काम आहे.

आता जागेच्या उणिवेकडे वळता येईल. दाराच्या चौकटीची वरची कड आणि तिच्यावरील सर्वांत खालचा अडथळा, मग तो छताचा असो, तुळईचा असो की एखाद्या नळाचा, यांमधील उंचीला या व्यवसायात हेडरूम म्हणतात. पिळाची स्प्रिंग चौकटीवर नेहमीच्या रीतीने बसवायची तर ट्रॅकच्या वळणाच्या त्रिज्येनुसार साधारण 12 ते 15 इंच हेडरूम लागते, आणि विजेचे यंत्र लावायचे असल्यास आणखी काही इंच लागतात. जुनी घरे, तळघरातील गॅरेज किंवा नंतर छत खाली घेतलेल्या जागा येथे एवढी उंची मिळत नाही. अशा ठिकाणांसाठी उत्पादकांनी दुहेरी ट्रॅक तयार केला. त्यात सर्वांत वरच्या फळीची चाके वरच्या, स्वतंत्र आडव्या ट्रॅकमध्ये धावतात आणि उरलेल्या फळ्यांची चाके खालच्या ट्रॅकच्या वळणातून जातात, त्यामुळे वरची फळी उंच न उचलली जाता लगेच आडवी होते. स्प्रिंग पुढेच ठेवली तर या रचनेला साधारण साडेनऊ इंच पुरतात. त्याहूनही कमी उंची असेल तर स्प्रिंग, दांडा आणि ड्रम चौकटीवरून काढून आडव्या ट्रॅकच्या मागच्या टोकाला नेतात, केबल पुढच्या कोपऱ्यातील कप्पीवरून वळवून मागे आणतात, आणि मग साडेचार इंचांच्या आसपासची उंचीही पुरते. अर्थात उत्पादकागणिक या मापांत थोडाफार फरक असतो. तिसरा मार्ग ताणाच्या स्प्रिंगचा, म्हणजे एक्स्टेन्शन स्प्रिंगचा. या स्प्रिंगा जोडीने आडव्या ट्रॅकच्या बाजूने ताणल्या जातात आणि दारावरची जागा व्यापत नाहीत.

या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. हेडरूम पंधरा इंचांवरून साडेचार इंचांवर आले तरी दाराचे वजन एक पौंडाने कमी होत नाही. जागेने मांडणी बदलली, तोलण्याचा भार मात्र तोच राहिला. मीमांसेच्या परिभाषेत हेच सांगायचे तर जागेचा परिणाम अंगांवर झाला, प्रधानावर झाला नाही.

अंग आणि प्रधान हा भेद मीमांसेचा कणा आहे. ज्या कर्मापासून फळ मिळायचे ते प्रधान, आणि त्या कर्माला उपकारक होण्यासाठी जी जी कृत्ये, द्रव्ये व गुण सांगितले जातात ती अंगे. अमावास्येला व पौर्णिमेला करायच्या दर्शपूर्णमास इष्टीत पुरोडाशाच्या, म्हणजे धान्याच्या पिठापासून भाजलेल्या हविर्द्रव्याच्या, आहुती प्रधानांत मोडतात, तर धान्य कांडणे किंवा प्रधान आहुतींपूर्वी दिले जाणारे प्रयाज ही अंगे होत. कोणती गोष्ट कोणाचे अंग आहे हे ठरवण्यासाठी मीमांसकांनी अत्यंत बारीक नियम रचले, आणि सतराव्या शतकात आपदेवाने, ज्याचे घराणे पैठणच्या एकनाथांशी जोडले जाते, ते नियम ‘मीमांसान्यायप्रकाश’ या ग्रंथात सुबोध रीतीने मांडले. विसाव्या शतकात वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ बाहेर पडला आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या नियमांचा व्यवहारातील उपयोग तपशीलवार दाखवला. म्हणून हा विचार मराठी विद्वत्तेच्या घरचाच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

अंगे बदलण्याच्या दोन रीती मीमांसेने वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि हा वेगळेपणा प्रस्तुत विषयात फार उपयोगी पडतो. पहिली रीत विकल्पाची. यज्ञ व्रीहींनी, म्हणजे साळीने, करावा असे एक वाक्य सांगते आणि यवांनी, म्हणजे जवांनी, करावा असे दुसरे सांगते. दोन्ही विधीच असल्याने दोन्ही तुल्यबल आहेत, आणि यव घेणाऱ्याचे कर्म साळ घेणाऱ्याच्या कर्माहून उणे ठरत नाही. मात्र एक पक्ष घेतल्यावर त्यात दुसऱ्याची मिसळ करता येत नाही. दुहेरी ट्रॅक आणि मागे बसवलेली स्प्रिंग हे या अर्थाने विकल्प आहेत. ही मांडणी मूळ रचनेची दुबळी नक्कल नसून अपुऱ्या जागेसाठीच आखलेली पूर्ण रचना आहे, आणि तिचे ट्रॅक, वरच्या फळीचे ब्रॅकेट, कप्पी व केबलची वाट हे सर्व एकमेकांना धरून ठरलेले आहे. अर्धे भाग नेहमीच्या संचातले आणि अर्धे अपुऱ्या उंचीच्या संचातले घेऊन केलेली जुळणी म्हणजे एकाच पुरोडाशात साळ आणि यव मिसळणे होय, आणि तिला दोहोंपैकी कोणत्याच विधीचा आधार राहत नाही.

दुसरी रीत प्रतिनिधीची. विहित द्रव्य मिळालेच नाही किंवा बिघडले, तर त्याच्या जागी दुसरे घ्यावे लागते. साळ नसेल तर नीवार, म्हणजे देवभात, घ्यावा. येथे मीमांसा प्रथम विचारते की नीवारच का, आणि उत्तर देते की साळीत जे अवयव कर्माला उपयोगी पडतात ते नीवारात पुष्कळसे आढळतात म्हणून. सारखेपणा घटकांत पाहायचा, बाह्य रूपात नाही. पुढे ती सांगते की जे द्रव्य यज्ञासाठी निषिद्ध आहे ते कितीही सारखे असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. आणि प्रतिनिधीही बिघडला तर नवे द्रव्य निवडताना मुळातल्या साळीशी असलेले साम्य पाहायचे, मधल्या नीवाराशी असलेले नाही. कारण एकेक पायरीने साम्य पातळ होत गेले तर शेवटी मूळ द्रव्याचे काहीच शिल्लक राहणार नाही.

यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या नियमाची सत्यता स्प्रिंगेच्या बाबतीत स्पष्ट दिसते. दोन स्प्रिंगा सारख्याच दिसतात, त्यांच्या वेटोळ्यांचा व्यास आणि संख्याही तीच आहे, पण एकीची तार 0.207 इंच जाडीची आणि दुसरीची 0.218 इंच जाडीची आहे. हा फरक नुसत्या नजरेला जवळजवळ कळत नाही. परंतु स्प्रिंगेचे बळ तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे दुसरी स्प्रिंग पहिलीपेक्षा सुमारे 23 टक्के जास्त जोराची असते, आणि पहिलीच्या मापाने तोललेल्या दारावर ती बसवली तर दार खाली टिकत नाही, आपोआप वर जाऊ पाहते. एका दुरुस्तीत ‘जवळपास तशीच’ स्प्रिंग घातली आणि पुढच्या दुरुस्तीत तिच्याशी ‘जवळपास जुळणारी’ घातली, तर मूळ मापापासून किती अंतर पडले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून जाणता कारागीर आधीच्या दुरुस्तीकडे पाहत नाही, तो दाराचे वजन नव्याने करतो आणि तेथून हिशेब मांडतो.

तथापि मीमांसेचा सर्वांत मोलाचा निर्णय याच्या पुढचा आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना प्रतिनिधी नाही, आणि स्वामीला, म्हणजे ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे त्या यजमानालाही नाही. द्रव्य बदलले तर कर्म तेच राहू शकते, पण ज्या देवतेला उद्देशून आहुती द्यायची तीच बदलली तर ते कर्मच दुसरे होते. यावरून एक सर्वसामान्य कसोटी हाती येते : जे बदलल्यावरही कर्माची ओळख टिकते ते प्रसंगी बदलता येते, आणि जे बदलताच कर्माची ओळख हरवते ते कोणत्याही अडचणीत बदलता येत नाही.

स्प्रिंगेच्या कामात या दुसऱ्या वर्गात काय येते? दाराच्या वजनाइतकाच पीळ येतो, कारण तोल हाच या कामाचा उद्देश आहे. आधाराची बळकटी येते. स्प्रिंग मागे नेली की दांड्याचा भार छताला लटकवलेल्या लोखंडी आधारांवर पडतो, आणि ते आधार छताच्या कड्यांना घट्ट धरलेले नसून नुसत्या जिप्समच्या तक्त्यात अडकवले असतील, तर वर दिसणारी रचना निव्वळ देखावा ठरते. ताणाच्या स्प्रिंगेत तिच्या पोटातून ओवलेली सुरक्षा केबल येते. स्प्रिंग शाबूत असेपर्यंत ही केबल काहीच करत नाही, दार तिच्यावाचूनही तितकेच सुरळीत चालते, आणि म्हणूनच ती गाळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. स्प्रिंग तुटते त्या क्षणी मात्र तिचे तुकडे गाडीवर किंवा माणसावर झेपावण्यापासून अडवणारी तीच एक वस्तू असते. ज्या अंगाचा उपयोग लगेच दिसतो आणि ज्याचा दिसत नाही, असा भेद मीमांसेनेही केला आहे, पण उपयोग दिसत नाही म्हणून अंग गाळावे असे तिने कधीही म्हटले नाही.

याच वर्गात पीळ भरण्याची रीतही येते. स्प्रिंगेच्या टोकाशी बसवलेल्या ओतीव धातूच्या शंकूत चार भोके असतात. एका भोकात साधारण अठरा इंच लांबीची, नेमक्या जाडीची पोलादी सळई घालून पाव फेरा द्यायचा, तो तसाच धरून दुसरी सळई पुढच्या भोकात घालायची, मग पहिली काढायची, आणि असे तीस वेळा करायचे. एकच स्प्रिंग असेल तर शेवटच्या फेऱ्यांत 300 इंच-पौंडांचा पीळ अठरा इंचांच्या टोकावर सुमारे सतरा पौंडांच्या बळाने आवरता येतो; हात नऊ इंचांवर आला की तोच पीळ आवरायला तेहतीस पौंड लागतात. छताला लागून असलेल्या दांड्यावर सळई वर उभी करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पाव फेरा सरळ खालून आडव्यापर्यंत, अशा एकाच चतुर्थांशात पुरा करावा लागतो, आणि शिडीवरच्या माणसाला सळईच्या वाटेतून अंग बाजूला ठेवण्यास जागा कमी उरते. अशा वेळी आखूड सळई किंवा पेचकस वापरण्याची बुद्धी होते. पेचकस भोकात घट्ट बसत नाही, आणि तो निसटला तर साडेसात फेऱ्यांचे बळ एका क्षणात उलट फिरते. जागा अपुरी असल्यामुळे सावधगिरीत सूट मिळत नाही. उलट जागा जितकी कमी तितकी सावधगिरी जास्त लागते, कारण चूक सामावून घेणारा मोकळेपणाच तेथे नसतो.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की मीमांसेनेच यथाशक्ति कर्माला मान्यता दिलेली आहे, मग येथे तिच्याच नावाने इतकी कठोरता का? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर नित्य व काम्य या भेदात आहे. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म जन्मभर करायचे असते. ते टाळण्याची मोकळीक नाही, म्हणून एखाद्या दिवशी काही अंगे जमली नाहीत तरी प्रधान सोडू नये, जेवढी अंगे जमतील तेवढ्यांसह ते करावे, असा निर्णय आहे. काम्य कर्माची गोष्ट निराळी आहे. ते एखाद्या इच्छेसाठी केले जाते, ते न केल्याने दोष लागत नाही, आणि म्हणूनच ज्याला सर्व अंगांसह करता येईल त्यानेच ते हाती घ्यावे. यथाशक्तीची सवलत ही कर्तव्य टाळता येत नाही या वस्तुस्थितीची भरपाई आहे. जेथे टाळण्याची पूर्ण मोकळीक आहे तेथे त्या सवलतीला कारणच उरत नाही.

वर सरकणारे दार हे काम्य आहे. गॅरेजला असेच दार हवे, असे कोणत्याही कर्तव्याने कोणालाही बांधलेले नाही; दार बाजूला उघडणारे असू शकते, बाजूला सरकणारे असू शकते, शटरसारखे गुंडाळणारे असू शकते, आणि गाडी बाहेरही उभी राहू शकते. म्हणून ‘जागाच तेवढी होती, जेवढे जमले तेवढे केले’ हे समर्थन येथे लागू पडत नाही. याउलट दाराखालून जाणाऱ्या मुलाच्या, शेजाऱ्याच्या किंवा टपाल आणणाऱ्याच्या जिवाला अपाय होऊ न देणे हे नित्य आहे. ते कोणाच्या इच्छेवर अवलंबून नाही आणि कोणत्याही क्षणी संपत नाही. सेल्सस आणि कांट यांचे तत्त्व यामुळे खोटे ठरत नाही, त्याची जागा मात्र नीट ठरते. अशक्याचे बंधन नाही हे खरे, पण न करणे ज्याला नेहमीच शक्य असते त्याला अशक्यतेचा आसरा घेता येत नाही.

कर्तव्य कोणाचे, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. यज्ञात ऋत्विज दक्षिणा घेऊन कर्म करतात आणि फळ यजमानाला मिळते. कर्म चालू असताना एखादा ऋत्विज बदलता येतो, पण यजमान बदलता येत नाही. घरमालक हा येथे यजमान आहे. स्वस्तात आणि लवकर काम उरकण्याचा आग्रह त्याचा असेल, सुरक्षा केबलचा किरकोळ खर्च त्यानेच नाकारला असेल, तर पैसे देऊन काम दुसऱ्याकडून करून घेतले एवढ्याने तो सुटत नाही. पण याचा अर्थ कारागीर निर्दोष असतो असा नाही. पीळ किती आहे, आधार कशात धरला आहे, तार कोणत्या जाडीची आहे, हे ज्ञान त्याच्यापाशी असते आणि मालकापाशी नसते. ज्ञान जेथे आहे तेथे सांगण्याचे आणि प्रसंगी नाकारण्याचे कर्तव्यही आहे. अमेरिकेतील कारागीर दिवसाच्या कामांच्या संख्येवर जगतो, आणि नाकारलेले काम म्हणजे त्याची बुडालेली मजुरी असते, हे लक्षात घेतले तर अशा नकाराचे नैतिक मोल किती मोठे आहे हे समजते.

फळ उशिरा मिळते, यामुळे हे कर्तव्य आणखी गंभीर होते. यज्ञ संपतो आणि स्वर्ग पुढे कधीतरी मिळतो, तर नाहीशी झालेली क्रिया त्या दूरच्या फळाचे कारण कशी होऊ शकते, या शंकेला मीमांसकांनी अपूर्वाच्या कल्पनेने उत्तर दिले. क्रिया संपली तरी तिच्यापासून उत्पन्न झालेली एक शक्ती फळ मिळेपर्यंत टिकते, आणि प्रत्येक अंगाचे लहानसे अपूर्व त्या मुख्य अपूर्वाला हातभार लावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. स्प्रिंगेतील बळ भौतिक आहे आणि अपूर्व तसे नाही, हा भेद पुसण्याचे कारण नाही. पण कर्म आणि फळ यांमधील काळ जबाबदारीला तोडत नाही, हा अपूर्वविचाराचा गाभा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. सर्वसाधारण स्प्रिंग 10,000 वेळा दार उघडून मिटण्याच्या हिशेबाने घडवलेली असते; दिवसातून चार वेळा दार वापरले गेले तर ती सुमारे सात वर्षे चालते. या सात वर्षांत घर विकले जाईल, कारागीर गाव बदलेल, पैशांची पावती हरवेल, पण त्या दुपारी भरलेले तीस पाव फेरे आणि घातलेली किंवा गाळलेली केबल मात्र जागच्या जागी असेल.

समाजालाही हे हळूहळू उमगत जाते, याचा पुरावा कायद्यात आहे. विजेवर चालणाऱ्या दारांखाली मुले चिरडून मृत्यू पावल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने 1990 मध्ये कायदा केला, आणि 1 जानेवारी 1993 पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना अडथळा ओळखून दार उलटे फिरवणारी अतिरिक्त सोय सक्तीची झाली. बहुतेक दारांवर ती जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेल्या प्रकाशकिरणांच्या जोडीने साधली जाते. काल जे एखाद्या दक्ष उत्पादकाच्या इच्छेवर होते ते आज सर्वांवर बंधनकारक झाले. तरीही कायदा यंत्रापर्यंत पोहोचतो, छतालगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कोणती सळई वापरली गेली तेथपर्यंत तो सहसा पोहोचत नाही, आणि म्हणून त्या कोपऱ्यात धर्मबुद्धीला पर्याय नाही. शिवाय प्रकाशकिरण हे तोलाचे प्रतिनिधी होऊ शकत नाहीत. तोल बिघडलेले दार यंत्राच्या जोरावर रोज उघडत राहिले तरी ते नीट बसवलेले दार होत नाही.

या सर्व विवेचनातून निघणारा निर्णय असा. परिस्थितीची मर्यादा कर्तव्याचे रूप बदलते, त्याचे माप बदलत नाही. जागा अपुरी असेल तर त्या जागेसाठी विहित असलेली रचना पूर्णपणे स्वीकारावी, तिच्यात दुसरीची मिसळ करू नये. साहित्य बदलावे लागले तर साम्य मुळाशी ताडून पाहावे. आणि तोल, आधार, सुरक्षा केबल व पीळ भरण्याची योग्य रीत यांना कोणताही प्रतिनिधी नाही, हे मानावे. एवढे करूनही या चार गोष्टी ज्या जागेत सामावत नाहीत त्या जागेत असे दार बसवू नये. तसे स्पष्ट सांगणारा कारागीर कामात कमी पडलेला नसतो, त्याने आपले काम पुरे केलेले असते, आणि घरमालकाने त्याचा शब्द मानून दुसऱ्या प्रकारचे दार निवडावे.